धरणाच्या काठी सहलीला जाताना

भाषेच्या विशेषांकात धरणावरच्या सहलीचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. साहित्य, शाळा, बोली, वाचनालये या विषयांवर जाणकार मंडळी लिहितीलच. मला एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पाण्याविषयीचे जे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते, त्यांतच पाण्यापासून जीव सांभाळण्याची माहितीही साठवलेली होती. शब्द मागे पडले, तशी ती माहितीही मागे पडली. दुसरीकडे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धरणांकडे जाणारी गर्दी मात्र वाढत चालली आहे. या दोन्ही गोष्टी एकदम घडत आहेत आणि त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत.

सहलीला माझा विरोध आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. तीस वर्षांच्या नोकरीत मुलांना घेऊन अनेक पाणवठे पाहिले. चार भिंतींत जे शिकवता येत नाही, ते धरणाच्या भिंतीवर उभे राहून एका तासात शिकवता येते, असा माझा अनुभव आहे. शाळांच्या आणि घरच्या मंडळींच्या सहली जरूर निघाव्यात. परंतु जिथे जायचे ती जागा काय आहे, हे आधी कळायला हवे.

आपल्या प्रत्येक गावाचा एक जलाशय

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांच्या बहुतेक मोठ्या गावांजवळ असा एखादा जलाशय आहे. बेळगावकरांचे राकसकोप आणि हिडकल, गोव्यात साळावली, बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला आजवा तलाव, म्हणजेच सयाजी सरोवर. इंदूरला होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर आहे. २०२२ साली त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हैदराबादला १९०८ साली मुसी नदीला भयंकर पूर आला. त्यानंतर पुरापासून बचाव आणि पिण्याचे पाणी या दोन्ही हेतूंनी उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) बांधले गेले. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवरचे तिघरा धरण १९१६ साली पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फुटले. ते पुन्हा उभारावे लागले.

या साऱ्या ठिकाणी लोक डबे घेऊन जातात, बागेत बसतात, काही ठिकाणी नौकाविहार करतात. बडोदेकरांच्या कितीतरी पिढ्यांनी आजव्याची सहल केली असेल. हैदराबादेतील मराठी घरांत उस्मान सागराचे नाव ‘गंडीपेट’ असेच चालते. सहलीची ही परंपरा चांगली आहे. पण या यादीतून एक गोष्ट ध्यानात यावी. यांतला एकही तलाव सहलीसाठी बांधलेला नाही. कोणी शहराला पाणी देण्यासाठी बांधला, कोणी शेतीसाठी, कोणी पूर अडवण्यासाठी. तिथले पाणी सतत कामावर असते. त्याच्या कामाच्या वेळेला आपण तिथे पाहुणे म्हणून जातो.

नैसर्गिक सरोवराचा तळ हजारो वर्षांत भरत भरत बहुधा बशीसारखा झालेला असतो. जलाशयाचे तसे नाही. कालपरवापर्यंत जिथे नदी, शेते, वाटा, विहिरी आणि गाव होते, त्या सगळ्यावर पाणी आणून उभे केलेले असते. वरून दोन्हींची निळाई सारखीच दिसते, आत मात्र फार मोठा फरक असतो. घटप्रभेवरचे हिडकल धरण १९७७ साली पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता ५१ टीएमसी आहे. एवढे पाणी साठवायचे म्हणजे किती गावे आणि किती रान पाण्याखाली जात असेल, याची कल्पना करावी. त्या फुगवट्यातले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी खूप ओसरले की वर येते आणि माणसे दर्शनाला जातात. मंदिर दिसते, म्हणून ते आहे हे आपल्याला कळते. न दिसणाऱ्या गोष्टींचे काय?

शब्दांत दडलेले इशारे

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ‘सांडवा’ म्हणजे काय, असे विचारले. थोडा वेळ शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, सांडग्यासारखं काही असतं का?” वर्ग हसला, मीही हसलो. मुलाचा दोष नाही. त्याच्या घरी, त्याच्या मोबाइलवर आणि त्याच्या मित्रांत ‘डॅम’, ‘बॅकवॉटर’ आणि ‘स्पॉट’ एवढेच शब्द आहेत. इंग्रजी शब्दांशी माझे भांडण नाही. बस, रेल्वे, स्टेशन आपण कधीच आपले करून टाकले आहेत. अडचण एवढीच, की ‘बॅकवॉटर’ म्हटले की त्या मुलाच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते, पण त्या चित्रात धोका दिसत नाही. आपला जुना शब्द मात्र धोका सांगतो.

‘फुगवटा’ घ्या. नदी अडवली की पाणी मागे मागे चढत जाते, त्या भागाला फुगवटा म्हणतात. शब्दातच फुगणे आहे. आज पाण्याची कड जिथे आहे तिथे ती उद्या नसेल, कदाचित संध्याकाळीही नसेल, हे त्या शब्दाने सांगून टाकले. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर जाऊन बसलेल्यांची परतीची वाट दोन तासांत पाण्याखाली जाते, ती याच कारणाने.

‘सांडवा’ म्हणजे जादा पाणी सांडण्याची वाट. काही सांडव्यांना दरवाजे असतात, काहींना नसतात. दरवाजे नसलेला सांडवा जलाशय भरला की आपोआप वाहू लागतो. साळावलीचा सांडवा बदकाच्या चोचीच्या आकाराचा आहे. धरण भरले की पाणी त्या खोल विवरात कोसळते आणि ते पाहायला लोक दूरदूरहून येतात. कठड्याच्या अलीकडून पाहावे, असेच ते दृश्य आहे. लहान धरणांच्या सांडव्यावर मात्र लोक सरळ पाण्यात जाऊन बसतात. तिथल्या दगडावर शेवाळ असते आणि घोट्याएवढे वाहते पाणीसुद्धा उभ्या माणसाचा पाय सोडवते. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी जिथे आपटते, तिथे ते गोल फिरत राहते आणि पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते.

‘डोह’, ‘घळ’, ‘पात्र’ हे नदीचे शब्द. धरण झाल्यावर नदी नाहीशी होत नाही, पाण्याखाली तिचे जुने पात्र तसेच असते आणि वळणावर ते काठाच्या अगदी जवळ आलेले असते. मूल गुडघाभर पाण्यातून वीस पावले चालते, कारण खाली जुने शेत असते. एकविसावे पाऊल नदीच्या दरडीवरून खाली जाते. आपल्या घाटमाथ्याच्या भागात भाताची खाचरे पायऱ्या-पायऱ्यांची असतात. बुडीत क्षेत्रात प्रत्येक बांध म्हणजे पाण्याखालची एक पायरी. ती डोळ्यांना दिसत नाही, पायालाच कळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

‘गाळ’ हा शब्द तर आपण रोज वापरतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठावर गाळाची साय धरते. वरून वाळून भेगाळलेली, आतून लोण्यासारखी. त्यात पाय रुतला की माणूस दुसरा पाय रोवून पहिला काढायला बघतो आणि दोन्ही अडकतात. गाळपेर करणारा शेतकरी आपल्या वाटेने जातो, कारण त्याला घट्ट जमीन कुठे आहे हे ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसते.

हे सारे मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन एका जलाशयाच्या काठी गेलो होतो. पाणी सपाट, काठ मऊ, मुले पाय बुडवायला आतुर. जवळ म्हशी राखत बसलेले एक आजोबा उठून आले आणि म्हणाले, “मास्तर, पोरास्नी तकडं सोडू नगासा. तकडं आमची बाव हाय.” मी पाहिले, तर ते बोट दाखवत होते ती जागा इतर पाण्याहून काडीभरही वेगळी नव्हती. त्यांचे गाव उठून कितीतरी वर्षे लोटली होती, पण त्यांच्या डोक्यात बांध, वाटा, चिंच आणि बाव सगळे जागच्या जागी होते. आमच्या भागात विहिरीला बाव म्हणतात, कन्नडमध्ये बावि. त्या एका शब्दाने मुले मागे फिरली. ते आजोबा तिथे नसते, तर तो शब्द आम्हाला कोणी सांगितला असता?

आकडे कसे वाचावेत

पावसाळा सुरू झाला की जलाशयांची पातळी वर्तमानपत्रांत रोज छापून येते. राकसकोप भरले म्हणजे २४७५ फूट, हिडकल भरले म्हणजे २१७५ फूट, हे आकडे बेळगावकरांना परिचयाचे आहेत. पण पुष्कळांना ही पाण्याची खोली वाटते. ती खोली नव्हे. समुद्रसपाटीपासून पाण्याच्या पृष्ठभागाची ती उंची आहे. म्हणजे भरलेल्या हिडकलचे पाणी भरलेल्या राकसकोपच्या पाण्यापेक्षा ३०० फूट खाली आहे. आपले शहर साधारण २५०० फुटांवर वसले आहे. हिडकलचे पाणी नळाला येते तेव्हा ते तीनशे फुटांहून अधिक वर चढवलेले असते. नळ उघडा टाकून दात घासणाऱ्या मुलाला एवढे एक वाक्य सांगावे.

“पातळी एका फुटाने वाढली” ही बातमी वाचायला किरकोळ वाटते. काठ सपाट असेल आणि पन्नास फुटांना एक फूट असा उतार असेल, तर पातळी एका फुटाने वाढली की पाण्याची कड पन्नास फूट पुढे सरकते. तुमची चटई, चूल आणि दुचाकी त्या पन्नास फुटांच्या आतच असतात.

दुसरा शब्द ‘क्युसेक’. एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. “१० हजार क्युसेक विसर्ग” असे छापून आले, तर दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी नदीत सुटते आहे, असा अर्थ घ्यावा. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर प्रत्येक सेकंदाला पात्रात ओतले, तर जे होईल ते. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एका टीएमसीत सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी मावते. सातवी-आठवीच्या गणिताला यापेक्षा चांगली उदाहरणे शोधून सापडणार नाहीत.

आणखी एक. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी धरणाच्या वरच्या अंगाला पाऊस असू शकतो. चंदगड तालुक्यात पाऊस झोडपू लागला की हिडकलची आवक वाढते. खाली हुक्केरी किंवा गोकाककडे आकाश निरभ्र असले, तरी विसर्ग वाढला की नदी चढते. धरणाच्या खालच्या बाजूला नदीच्या खडकावर जेवायला बसणाऱ्यांनी भोंगा वाजला की ताट तसेच टाकून उठावे.

फलक कोणत्या भाषेत असावा?

आता भाषेच्या मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या भागात फलकाची भाषा हा विषय निघाला की आवाज चढतात. या लेखात मला त्या वादात शिरायचे नाही. धोक्याच्या फलकाबाबत मात्र एकच कसोटी लावावी: जो माणूस पाण्यात उतरण्याची शक्यता आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे. हिडकलला गडहिंग्लज, कोल्हापूरकडून माणसे येतात. साळावलीला कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी असे सगळेच बोलणारे येतात. बेळगावची मुले चंदगडच्या धबधब्यांवर जातात, त्यांत मराठी, कन्नड आणि उर्दू घरांतली मुले एकत्र असतात. पाणी कोणाला मातृभाषा विचारत नाही. म्हणून इशारा स्थानिक भाषेत हवाच, येणाऱ्यांच्या भाषेतही हवा, आणि ज्याला कोणतीच लिपी येत नाही त्याच्यासाठी चित्रही हवे.

शासन फलक लावील तेव्हा लावील. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात. आपल्याकडे ‘अपाय’ म्हणजे इजा, नुकसान. शब्द एकच, घराणे एकच, फक्त लिपी निराळी. आमच्या मुलांना तीन अक्षरांचा तो एक शब्द कन्नड लिपीत ओळखता यावा आणि कन्नड शाळेतल्या मुलांना ‘धोका’ हा शब्द देवनागरीत ओळखता यावा. एका तासिकेचे काम आहे. यात कोणाच्या भाषेला काही कमीपणा येत नाही आणि एखादे पोर वाचते.

फलकावर नुसते ‘पाण्यात उतरू नये’ एवढेच असू नये, असेही मला वाटते. मुलांना कारण हवे असते. ‘येथे पाण्याखाली विहीर आहे’, ‘येथून पाच पावलांवर नदीचे जुने पात्र आहे’ असे लिहिले, तर तो फलक वाचला जाईल. ही माहिती काठच्या गावांतल्या वयस्कर माणसांकडे आहे. ती माणसे आहेत तोवर ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि आमच्यासारख्या वाचनालयाच्या समित्यांनी ती लिहून घ्यावी. बुडालेल्या गावांच्या वाटा, विहिरी, डोह यांची नावे जमवणे हे बोलीभाषेच्या अभ्यासाचे काम आहे. त्यातून जीवही वाचतील.

झालेल्या दुर्घटना

हे सारे कोणाला भीती घालण्यासारखे वाटत असेल, तर झालेल्या घटना आठवाव्यात. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयाचे ८ जण बुडाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये किटवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या ४ मुली गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगाला ओढ्याचे पाणी अचानक वाढले आणि एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. ती माणसे हौसेने, घरच्यांना सांगून, डबे घेऊन गेली होती. त्यांत आडदांड असे कोणी नव्हते.

यातून शिक्षक आणि पालकांनी काय घ्यावे? आमच्या शाळेच्या सहलीच्या वहीत आम्ही जे नियम लिहून ठेवले आहेत, ते येथे देतो.

सहलीआधी एका शिक्षकाने जागा पाहून यावी आणि काठच्या गावात चौकशी करावी. परवानगी लागते तिथे ती लेखी घ्यावी. जिथे प्रवेश बंद आहे, तिथे ओळखीने आत जाऊ नये. मुलांच्या जोड्या लावाव्यात, दर अर्ध्या तासाने हजेरी घ्यावी आणि आपला जोडीदार कुठे आहे हे ज्याने त्याने सांगावे. नावेत बसायचे तर प्रत्येकाला जाकीट, तेही बांधलेले. एक जाकीट कमी पडले तर एक मूल नव्हे, सगळेच काठावर थांबतील. पोहता येणाऱ्या मुलांवर अधिक लक्ष ठेवावे. विहिरीत किंवा तरणतलावात पोहणे निराळे. जलाशयात वरचा थर कोमट आणि खालचे पाणी थंड असते, त्यामुळे पायात गोळा येतो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याइतके अंगाला उचलून धरत नाही. शिवाय मासेमारीची जाळी, जुनी खुंटे, काटेरी झुडपे खाली असतात.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. ओरडायला त्याच्या छातीत हवाच उरत नाही. तोंड वर, हात पाण्यावर थापटल्यासारखे आणि आवाज नाही, असे दिसले की ओळखावे. ज्याला बचावाचे शिक्षण नाही त्याने पाण्यात उडी घेऊ नये, एकामागून एक चौघे बुडतात ते यामुळेच. काठावर आडवे पडून काठी, बांबू, ओढणी, साडी पुढे करावी. दोर फेकावा. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅनसुद्धा माणसाचे तोंड पाण्यावर ठेवू शकतो. सहलीला जाताना असा कॅन आणि वीस-पंचवीस हात दोर बरोबर घ्यावा. वर काढलेल्या माणसाला उलटे करून पोट दाबणे, गरगर फिरवणे हे जुने प्रकार करू नयेत. श्वास चालत नसेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे आणि दुसऱ्याने ११२ क्रमांक लावावा. हे कसे करायचे, ते प्रत्येक शाळेतल्या निदान दोन शिक्षकांनी शिकून घेतलेच पाहिजे.

काठावर बसून काय पाहावे?

पाण्यात उतरायचे नाही, तर मग तिथे करायचे काय, असे मुले विचारतात. पुष्कळ आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर जावे. काठावर टिटवी आणि धोबी, खुंटावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, हवेत एका जागी फडफडत राहून खाली सूर मारणारा कवड्या खंड्या सहज दिसतो. ‘हळदीकुंकू’ नावाचे बदक आहे. त्याच्या चोचीचे टोक पिवळे असते आणि मुळाशी लाल ठिपका. हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या नजरेला नमस्कार करावासा वाटतो. थंडीत चक्रवाक पाहुणे येतात. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतो. अंडी खड्यांसारखीच दिसतात. अशा बेटांवर जाणे आणि बरोबर कुत्री नेणे टाळावे.

पाण्याखालची गावे हाही पाहण्याचा विषय आहे. साळावलीच्या जलाशयात गेलेले कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती आणि वाटा वर येतात. दर वर्षी मे महिन्यात पांगलेले ग्रामस्थ तिथे जमून देवाचा उत्सव करतात. तिथले कदंबकालीन महादेव मंदिर दगड-दगड उतरवून धरणाजवळ नव्या जागी पुन्हा उभारले आहे. मुलांनी ते पाहावे आणि आपल्या नळाच्या पाण्यासाठी कोणीतरी आपले अंगण सोडले आहे, हे समजून घ्यावे.

आणि आपण मागे काय ठेवतो, तेही पाहावे. राकसकोपचे पाणी आपल्याच घरात प्यायले जाते. पाणलोटात गाडी धुणे, उष्टे फेकणे, प्लॅस्टिक आणि बाटल्या टाकून येणे म्हणजे आपल्याच हंड्यात टाकणे. फुटलेली बाटली पावसाळ्यात गाळाखाली जाते आणि उन्हाळ्यात पाणी प्यायला आलेल्या म्हशीच्या खुरात घुसते. नेलेले सगळे परत आणावे, त्यासाठी प्रत्येकाने एक पिशवी जास्तीची न्यावी.

आता एक सूचना करून थांबतो. जूनमध्ये शाळा भरल्या की पहिल्या आठवड्यात मराठीच्या एका तासिकेला धडा बाजूला ठेवावा. फुगवटा, सांडवा, डोह, घळ, बांध, बाव, गाळ, विसर्ग, पाणलोट हे नऊ शब्द फळ्यावर लिहावेत. मुलांनी ते घरी नेऊन आजी-आजोबांना त्यांचे अर्थ विचारावेत आणि ज्या पाण्याशी ते शब्द निगडित आहेत, तिथली एकेक हकीकत लिहून आणावी. पावसाळी रविवारांची गर्दी सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे. जी शाळा हे करील, तिने ती पाने जपून ठेवावीत. पुढच्या सहलीच्या वेळी तीच पाने आधी वाचायची आणि मगच बस ठरवायची.